पानाचं गणित

न्यूयॉर्कच्या बंदरात मोठं जहाज आणायचं म्हणजे प्रवाह, पूल, तरंगत्या खुणा, धुकं आणि समोरून येणारी जहाजं या सगळ्यांचा एकाच वेळी विचार करावा लागतो. तिथं चुकत चुकत शिकण्याची सोय नाही. म्हणून १९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या सागरी खात्यानं किंग्ज पॉइंट इथल्या मर्चंट मरीन अकादमीच्या आवारात सरावासाठी सिम्युलेटर उभारायला घेतला. जहाजाच्या ब्रिजसारखी खोली, भोवती पडदे आणि पडद्यांवर संगणकानं काढलेलं बंदर. चित्राचं काम इव्हान्स अँड सदरलँड या कंपनीकडे आलं आणि तिच्या कॅलिफोर्नियातल्या कचेरीत जॉन वॉर्नॉक नावाचा पस्तिशीतला गणिती त्याला लागला. अडचण अशी होती की बंदरातला धक्का न् धक्का, इमारत न् इमारत नोंदवायला तातडीनं सुरुवात करायला हवी होती, पण हे चित्र ज्या यंत्रावर उमटणार ते यंत्रच अजून हातात नव्हतं.

वॉर्नॉक यंत्रासाठी थांबला नाही. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बंदराचं वर्णन साध्या मजकुराच्या फायलींमध्ये उतरवायला घेतलं. पूल कुठून कुठपर्यंत, इमारत किती उंच, किनारा कुठं वळतो. यंत्र आल्यावर हे वर्णन वाचून त्याला समजेल असं रूप देणारा प्रोग्रॅम लिहिता येईल, असा हिशेब होता. जॉन गॅफनी या सहकाऱ्यानं त्यासाठी एक छोटी, हवी तशी वाढवता येणारी भाषा कल्पिली. आज आपण मोबाइलवर सातबारा उतारा, परीक्षेचं हॉलतिकीट किंवा विजेचं बिल उघडतो, ती पीडीएफ फाइल बंदराच्या त्या वर्णनाच्या थेट वंशातली आहे.

वॉर्नॉकचा जन्म ६ ऑक्टोबर १९४० चा, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीचा. नववीत तो बीजगणितात नापास झाला होता. पुढे ऑलिंपस हायस्कूलमध्ये जॉर्ज बार्टन हे गणिताचे शिक्षक भेटले आणि सगळं पालटलं. बार्टन सरांची रीत सरळ होती: कॉलेजच्या पातळीचं पुस्तक घ्यायचं आणि त्यातलं प्रत्येक उदाहरण सोडवायचं, एकही गाळायचं नाही. युटा विद्यापीठातून वॉर्नॉकनं गणित आणि तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली. त्यानंतर एमएससाठी त्यानं जो प्रश्न निवडला, तो नेथन जेकबसन या नामवंत बीजगणितज्ञानं १९५६ साली मांडला होता आणि तोवर कुणाला सुटला नव्हता. अनंत ओळींच्या, पण प्रत्येक ओळीत मोजक्याच शून्येतर संख्या असलेल्या मॅट्रिक्सविषयीचा तो प्रश्न वॉर्नॉकनं १९६४ मध्ये सोडवला. शुद्ध गणितात एवढी सुरुवात पुरेशी असते. तो प्राध्यापक होऊन तिथंच राहिला असता तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

पण पोटापाण्याचं पाहायला हवं होतं. एका उन्हाळ्यात त्यानं जुन्या टायरांवर नवं रबर चढवण्याचं काम केलं आणि त्याला कंटाळून आयबीएमकडे अर्ज टाकला. अशा तऱ्हेनं संगणक त्याच्या आयुष्यात आला. नंतर तो विद्यापीठाच्या संगणक केंद्रात नोकरीला लागला. त्या काळी युटा विद्यापीठात डेव्हिड इव्हान्स आणि आयव्हन सदरलँड यांनी संगणकचित्रांचा जो विभाग उभा केला, त्यासारखी शाळा पुन्हा क्वचितच जमली असेल. ॲलन के, पिक्सारचा एड कॅटमल, सिलिकॉन ग्राफिक्सचा जिम क्लार्क हे सगळे कमीअधिक त्याच वर्षांत तिथून बाहेर पडले.

तिथं सर्वांना छळणारा प्रश्न होता लपलेल्या पृष्ठभागांचा. खोलीत टेबल आहे, टेबलामागे खुर्ची आहे. खुर्चीचा कोणता भाग दिसतो आणि कोणता झाकला जातो, हे डोळ्याला क्षणात कळतं, पण संगणकाला सांगायचं कसं? वॉर्नॉकचं उत्तर असं: पडदा पाहा. तिथलं चित्र सोपं असेल, म्हणजे एकच पृष्ठभाग दिसत असेल किंवा काहीच नसेल, तर रंगवून टाका. अवघड असेल तर त्या चौकोनाचे चार भाग करा आणि प्रत्येकाला हाच प्रश्न विचारा. अवघड राहतील त्यांचे पुन्हा चार. अखेर एका ठिपक्याएवढा तुकडा उरतो आणि तिथं प्रश्नच संपतो. १९६९ चा त्याचा पीएचडी प्रबंध जेमतेम तीसेक पानांचा होता आणि ही रीत आजही पाठ्यपुस्तकांत ‘वॉर्नॉक अल्गोरिदम’ म्हणून शिकवली जाते. मला ती फार देखणी वाटते. तिच्यात कसलीही चलाखी नाही, फक्त प्रश्न कुठवर फोडायचा याची स्वच्छ जाण आहे.

१९७८ मध्ये वॉर्नॉक झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात, ‘पार्क’मध्ये, दाखल झाला. त्याला नोकरी देणारा चक गेश्की त्याच्याहून वर्षानं मोठा होता. आधी लॅटिन आणि ग्रीक शिकलेला, पाद्री व्हायला निघालेला आणि मग गणिताकडे वळलेला हा माणूस छपाईसाठी ठसे कोरणाऱ्या कारागिरांच्या घरातला होता. घरात शाईचा वास घेत वाढलेला गेश्की आणि पानाकडे समीकरण म्हणून पाहणारा वॉर्नॉक ही जोडी पुढे चार दशकं टिकली.

पार्कमध्ये लेझर प्रिंटर होते, पण प्रत्येकाची आज्ञावली वेगळी. प्रिंटर बदलला की प्रोग्रॅमही बदलायचा. वॉर्नॉकनं मार्टिन न्यूएलसोबत बंदराच्या कामातली भाषा नव्यानं घडवली आणि दोघांच्या नावांवरून तिला ‘जॅम’ म्हटलं. (संगणकचित्रांच्या जगात प्रसिद्ध असलेल्या चहाच्या किटलीचं चित्र याच न्यूएलचं.) त्यातून झेरॉक्ससाठी ‘इंटरप्रेस’ ही पानाचं वर्णन करणारी भाषा तयार झाली. कंपनीनं ती स्वतःसाठी प्रमाण मानली, पण जगापुढे मांडायला नकार दिला. आपली यंत्रं बाजारात येईपर्यंत गुपित राखायचं, असं तिचं धोरण होतं. जी भाषा सगळ्यांना बोलता यावी म्हणून बनवली ती कुलपात ठेवायची, हे वॉर्नॉक आणि गेश्की यांना पटणं शक्यच नव्हतं. १९८२ मध्ये त्यांनी राजीनामे दिले आणि डिसेंबरमध्ये स्वतःची कंपनी काढली. वॉर्नॉकच्या लॉस आल्टोसच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचं नाव ॲडोबी क्रीक. तेच नाव कंपनीला दिलं. बोधचिन्ह वॉर्नॉकची पत्नी मार्वा हिनं काढलं. ती ग्राफिक डिझायनर होती.

सुरुवातीचा बेत आज वाचला तर गंमत वाटते. संगणक, लेझर प्रिंटर आणि टाइपसेटर असा सगळा संच बनवून विकायचा आणि छपाईची दुकानं थाटायची! गुंतवणूकदार विल्यम हॅम्ब्रेक्ट यांनी त्यासाठी पैसेही दिले. पण आधी डिजिटल इक्विपमेंटचे गॉर्डन बेल आणि नंतर ॲपलचा स्टीव्ह जॉब्ज या दोघांनी जवळजवळ एकच गोष्ट सांगितली: संगणक आमच्याकडे आहेत, प्रिंटरही आहेत, आम्हाला तुमचं सॉफ्टवेअर द्या. जॉब्जनं तर ५० लाख डॉलरला अख्खी कंपनीच मागितली. वॉर्नॉक आणि गेश्की यांनी नकार दिल्यावर ॲपलनं थोडा हिस्सा घेतला आणि परवान्याचे पैसे आगाऊ दिले. अशी आगाऊ रक्कम मिळाल्यानं कोवळी कंपनी पहिल्याच वर्षी नफ्यात आली. बाजारपेठेचा नेमका अंदाज या शास्त्रज्ञांना आधी नव्हता. पण गिऱ्हाईक काय मागतंय ते त्यांनी ऐकलं आणि आपला बेत विनातक्रार बदलला. संशोधनातही पुरावा उलट आला की गृहीतक सोडायचंच असतं. उद्योजक म्हणून वॉर्नॉकचं मोठेपण मला इथं जास्त दिसतं.

ॲडोबीनं १९८४ मध्ये आणलेल्या भाषेचं नाव पोस्टस्क्रिप्ट. तिच्याआधी बहुतेक प्रिंटरांच्या लेखी पान म्हणजे ठिपक्यांची रांगोळी होती: अमुक ओळीतला तमुक ठिपका काळा. ठिपक्यांमधलं अंतर बदललं की सगळी आकृती नव्यानं मांडायची. पोस्टस्क्रिप्टमध्ये अक्षर म्हणजे त्याची कड आणि कड म्हणजे वक्ररेषा. प्रत्येक वक्र चार बिंदूंनी ठरतो. त्यांतले दोन त्याची टोकं असतात आणि दोन त्याला आपल्याकडे ओढतात. हे गणित रेनॉ मोटार कंपनीचे इंजिनिअर पिएर बेझिए यांच्या नावानं ओळखलं जातं, ते मोटारींच्या पत्र्याचे आकार काढण्यासाठी आलं होतं. पानावरचं अंतर पॉइंटमध्ये मोजायचं, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. ए-४ कागद म्हणजे सुमारे ५९५ बाय ८४२ पॉइंट, मग प्रिंटर कुठलाही असो. इंचाला ३०० ठिपके उमटवणाऱ्या यंत्रानं त्या वर्णनावरून ३०० च्या हिशेबानं ठिपके काढावेत, २५४० उमटवणाऱ्यानं २५४० च्या. फाइल तीच.

बोलायला हे सोपं आहे, पण ३०० ठिपक्यांच्या यंत्रावर छोट्या अक्षराचा उभा दांडा दीड ठिपक्याचा भरतो आणि दीड ठिपका उमटवता येत नाही. मग ‘एच’चा एक पाय एक ठिपका रुंद आणि दुसरा दोन असं होतं. वाचणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण पान घाणेरडं दिसतं. वॉर्नॉक आणि बिल पॅक्स्टन यांनी यावर तोड काढली. तयार अक्षराचे ठिपके दुरुस्त करत बसण्याऐवजी अक्षराची कडच आधी किंचित ताणायची, म्हणजे तिचे दांडे पूर्ण ठिपक्यांवर येऊन बसतात. कंपनीनं याचं पेटंटही घेतलं नाही, कारण पेटंट घेतलं की रीत उघड करावी लागते. कित्येक वर्षं हे गुपित म्हणजेच ॲडोबीची खरी पुंजी होती.

१९८५ मध्ये ॲपलचा लेझररायटर आला, किंमत ६९९५ डॉलर. त्याच्या पोटात दीड मेगाबाइट स्मृती होती. इंचाला ३०० ठिपक्यांचं पूर्ण पान साठवायलाच दहा लाखांहून जास्त बाइट लागत, म्हणून एवढी. ज्या मॅकिंटॉशला तो जोडायचा त्याच्याहून हा प्रिंटर अधिक ताकदीचा संगणक होता. त्याच वर्षी पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीचा पेजमेकर आला आणि टेबलावर बसून पुस्तक रचण्याची सोय झाली. आपल्याकडे हे सगळं डीटीपी या तीन अक्षरांनी ओळखलं गेलं. केसमधले खिळे उचलून ओळी जुळवणाऱ्या जुळाऱ्यांच्या पिढ्या पुण्या-मुंबईच्या छापखान्यांत होत्या. दहा-पंधरा वर्षांत ते कसब मागे पडलं आणि त्यांच्या जागी डीटीपी ऑपरेटर आला. ज्यांचा हात त्या खिळ्यांवर बसला होता, त्यांच्यासाठी हा बदल सोपा नव्हता, हेही इथं नोंदवायला हवं.

१९८७ मध्ये ॲडोबीचा इलस्ट्रेटर हा चित्रं काढण्याचा प्रोग्रॅम आला. मार्वाला आणि तिच्यासारख्या चित्रकारांना हातानं गुळगुळीत वक्ररेषा काढताना किती कष्ट पडतात, हे वॉर्नॉकनं घरीच पाहिलं होतं. १९९० मध्ये नॉल बंधूंचा फोटोशॉप ॲडोबीनं बाजारात आणला. पण त्याआधी, १९८९ च्या सप्टेंबरात, कंपनीला मोठा धक्का बसला होता. सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेत ॲपल आणि मायक्रोसॉफ्टनं एकत्र येऊन जाहीर केलं की आम्ही आमचं स्वतंत्र फॉन्ट-तंत्र आणतो आहोत. ज्या ॲपलनं ॲडोबीला उभं केलं तीच पलटली होती. व्यासपीठावर वॉर्नॉकचा संताप लपला नाही. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं, असं तिथं हजर असलेल्यांनी लिहून ठेवलंय. पण पुढच्याच वर्षी ॲडोबीनं आपल्या फॉन्टची गुप्त रचना छापून सर्वांना खुली केली. गुपित राखून जे टिकलं नसतं ते खुलं करून टिकलं. झेरॉक्स सोडताना त्यानं जो आग्रह धरला होता, तो स्वतःच्या तिजोरीला लावायलाही त्याला वेळ लागला, पण त्यानं तो लावला.

पीडीएफचं बीज एका करपत्रकात आहे. लेझररायटरच्या प्रात्यक्षिकासाठी वॉर्नॉकनं अमेरिकी आयकराचा १०४० क्रमांकाचा फॉर्म पोस्टस्क्रिप्टमध्ये लिहिला होता. चौकोन, रेघा आणि बारीक अक्षरांनी गच्च भरलेला तो कागद छापून यायला मिनिटं लागत होती. पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. तिच्यात आवर्तनं असतात, अटी असतात आणि प्रिंटरला ते सगळं चालवून पाहावं लागतं. वॉर्नॉकनं तो प्रोग्रॅम एकदा चालवला आणि त्यातून निघणाऱ्या अंतिम कृती तेवढ्या टिपून घेतल्या: इथं जा, ही रेघ ओढ, हे अक्षर ठेव. ही यादी छापायला काही सेकंद पुरले.

१९९१ मध्ये त्यानं कंपनीत एक टिपण फिरवलं. प्रकल्पाचं नाव ‘कॅमलॉट’. कुठल्याही प्रोग्रॅममधून निघालेला कागद कुठल्याही यंत्रावर, जसाच्या तसा, फॉन्टसकट पाहता आणि छापता यावा, एवढीच मागणी. १९९३ मध्ये ती पीडीएफ म्हणून बाहेर आली. पोस्टस्क्रिप्टमध्ये पन्नासावं पान हवं तर आधीची एकोणपन्नास चालवावी लागू शकत. पीडीएफच्या शेवटी तक्ता असतो, त्यावरून थेट हव्या त्या पानावर जाता येतं. फॉन्ट फाइलमध्येच सोबत येतो. आज हे गृहीत धरलं जातं, तेव्हा ते विकलं जाईना. फाइल वाचायच्या प्रोग्रॅमलाही सुरुवातीला पैसे पडत आणि नुसतं वाचण्यासाठी कोण पैसे मोजणार? ॲडोबीच्या संचालकांना हा खर्च थांबवायचा होता. वॉर्नॉक अडून बसला. रीडर फुकट झाला, इंटरनेट पसरलं, अमेरिकेच्या आयकर खात्यानं आपले फॉर्म पीडीएफमध्ये द्यायला सुरुवात केली, आणि मग मागे वळून पाहण्याची वेळ आली नाही.

त्याच काळात, मे १९९२ मध्ये, गेश्कीचं कचेरीच्या आवारातून बंदुकीच्या धाकानं अपहरण झालं. खंडणी मागितली गेली आणि चार दिवसांनी एफबीआयनं त्याची सुटका केली. तो परत कामावर आला.

वॉर्नॉकनं २००० मध्ये प्रमुखपद सोडलं, संचालक मंडळाचा सहअध्यक्ष मात्र तो २०१७ पर्यंत राहिला. २००८ मध्ये पीडीएफ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं आणि त्यावरची ॲडोबीची एकहाती मालकी संपली. पैसा मिळाल्यावर त्यानं विज्ञानाचे जुने ग्रंथ जमवायला घेतले. युक्लिडच्या ग्रंथाचं १५७० मधलं पहिलं इंग्रजी भाषांतर त्याच्या संग्रहात होतं. त्यात घन आकृत्या कागदाच्या घड्या उचलून उभ्या करता येतात. असे ग्रंथ पान न् पान टिपून लोकांना पाहता यावेत, म्हणून त्यानं ऑक्टाव्हो नावाची दुसरी कंपनी काढली. २०२१ मध्ये गेश्की गेला आणि १९ ऑगस्ट २०२३ रोजी वॉर्नॉक.

मराठी वाचकाला या कामाची एक कडू बाजूही ठाऊक आहे. जुनी मराठी पीडीएफ उघडा, पान सुरेख दिसेल. त्यात ‘महाराष्ट्र’ शोधा, सापडणार नाही. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवा, तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा पडेल. कारण त्या काळच्या फॉन्टमध्ये अक्षरांसाठी जेमतेम २५६ जागा असत. रोमन लिपीला त्या पुरून उरत. देवनागरीला मात्र मुळाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा, रफार आणि जोडाक्षरं हे सगळं त्यात बसवावं लागे. श्री-लिपी, आयएसएम अशा आपल्याकडच्या प्रणालींनी आपापल्या परीनं ही मांडणी केली, म्हणूनच मराठीत डीटीपी शक्य झालं. पण एका फॉन्टमध्ये जिथं अर्धा ‘म’, तिथं दुसऱ्यात भलतंच काही. शिवाय ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी डोळ्याला ‘क’च्या आधी दिसते म्हणून फाइलमध्येही ती आधीच साठवली जाई. वॉर्नॉकचं गणित पान कसं दिसतं याचं होतं. त्यावर कुठला शब्द आहे, हे त्याला सांगावंच लागत नव्हतं.

उपाय आले तेही त्याच कंपनीच्या हातून, अर्थात एकटीच्या नव्हे. १९९६ मध्ये ॲडोबी आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून ओपनटाइप हे फॉन्टचं नवं रूप जाहीर केलं. त्यात फॉन्ट स्वतःच सांगतो की ‘क’, हलंत आणि ‘ष’ एकापुढे एक आले तर ‘क्ष’ काढ. फाइलमध्ये युनिकोडचे, म्हणजे सगळ्या फॉन्टना समान असलेल्या संकेतांचे, मूळ वर्ण राहतात आणि जोडाक्षर फक्त दिसण्यापुरतं घडतं. पीडीएफमध्येही कुठल्या आकृतीमागे कोणते वर्ण आहेत, हे नोंदवणारा तक्ता ठेवता येतो. तो तक्ता नीट भरला नसेल तर नव्या मराठी फायलींतली जोडाक्षरंही उचलताना मोडतात. आणि खिळ्यांची जागा डीटीपीनं घेतल्यापासून युनिकोड रुळेपर्यंत जी पुस्तकं, दिवाळी अंक, वर्तमानपत्रं जुन्या फॉन्टमध्ये रचली गेली, त्यांचा मजकूर फॉन्टगणिक वेगळा तक्ता बनवून आणि वेलांट्या-रफारांचा क्रम पुन्हा लावूनच युनिकोडमध्ये आणावा लागतो.